मागची काच

३ मार्च

ही वही खरं तर माझी नाही. ह्यांच्या हातापायांचे व्यायाम घ्यायला रोज सकाळी एक बाई येतात, त्यांनी दिली आहे. रोज लिहायचं: उजव्या हाताने चेंडू किती वेळा दाबला, किती पावलं चालले, कोणता शब्द चुकला. आजचं असं: चेंडू नऊ वेळा, पावलं चौदा. चमचा हवा होता आणि "पेन दे" म्हणाले. मी पेन नेऊन दिलं, तर माझ्याकडे असे बघायला लागले की वेडी मी की ते, हेच कळेना.

बाकीचं पान कोरं राहतं. कोरा कागद वाया जाऊ देणं माझ्या जिवावर येतं, म्हणून लिहिते आहे. शिवाय घरात बोलायला आहे कोण? लेक परीक्षेच्या अभ्यासात बुडालेली, आणि ह्यांच्याशी बोलायचं तर एका वाक्याला दहा मिनिटं.

जानेवारीत झटका आला. एका गाडीत मागच्या सीटवर गुडघे टेकून काचेला फिल्म लावत होते, तिथेच कोसळले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. पाय थोडा परत आला. बोलणं तुटक तुटक आलं. हात काही आला नाही. दुकान त्या दिवसापासून बंद आहे. गाड्यांच्या, घरांच्या, ऑफिसांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावून द्यायचं दुकान. अठरा वर्षं ह्यांनी ते चालवलं, आणि अठरा वर्षं मी शेजारी पाण्याची बाटली धरून उभी.

आज भाऊजी आले होते, ह्यांचे धाकटे भाऊ. माणूस वाईट नाही, हॉस्पिटलात सगळी धावपळ त्यांनीच केली. म्हणाले, "वहिनी, कुलूप लावून किती दिवस ठेवणार? जागा मला द्या, मी टायरचं दुकान टाकतो. तुम्ही दोघं निवांत घरी बसा." हे लगेच म्हणाले, "देऊ." एरवी एकेक शब्द काढताना कपाळावर शिरा उठतात, हा बरा फटकन आला! मी म्हटलं, भाऊजी, एप्रिल संपेपर्यंत थांबा, तोवर मला काही जमलं नाही तर जागा तुमची. भाऊजी बरं म्हणाले. काय जमवणार आहे मी? माझं मलाच माहीत नाही.

६ मार्च

चेंडू अकरा, पावलं वीस. शब्द बरोबर.

आज सांगून टाकलं. "अहो, दुकान मी उघडते. काचा धुणं, फिल्म कापणं, घरांच्या सपाट काचांना हात लावणं, हे मी करतच होते. आता फक्त फिल्मखालचं पाणी काढायची रबरी पट्टी माझ्या हातात येईल."

बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागची… काच?"

तिथेच तर सगळं अडतं. गाडीची मागची काच वळलेली असते, सगळ्या बाजूंनी. सपाट फिल्म तिच्यावर ठेवली की कडांना चुण्या पडतात. त्या चुण्यांवर गरम हवा मारून फिल्म आवळायची, काचेच्या वळणावर आणायची, मग उचलून आतून चिकटवायची. अखंड एका तुकड्यात, कुठे जोड नाही की सुरकुती नाही. ही ह्यांची करामत. त्या एका काचेसाठी लोक लांबून गाड्या घेऊन यायचे. आणि ते काम हे नेहमी प्लास्टिकचा पडदा ओढून एकटे करायचे. धूळ येते म्हणायचे. तेवढा वेळ मी पडद्याबाहेर. अठरा वर्षांत मागची काच मी झालेली पाहिली, होताना एकदाही पाहिली नाही.

म्हटलं, "तुम्ही शिकवा ना." "बघू," म्हणाले.

११ मार्च

पहिलं काम! दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची मोठी काच. खुर्चीत आ करून बसलेला पेशंट रस्त्यावरून दिसतो, ते पेशंटना आवडत नाही. बाहेरून आरसा दिसेल अशी फिल्म हवी होती. मी ऐटीत सांगितलं, "डॉक्टर, हे दिवसाच चालतं. संध्याकाळी आत दिवे लागले की उलटं होतं, बाहेरच्याला सगळं आतलं दिसतं. पडदा काढू नका." ह्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलेलं वाक्य, पण म्हणताना अंगावर मूठभर मांस चढलं.

काल ह्यांनी एकेक शब्द काढत सगळं समजावलं होतं. "पाणी… भरपूर." "मधून… बाहेर." "पंखा… बंद." सगळं तंतोतंत खरं निघालं. स्वेटरचे तंतू काचेवर बसतात, म्हणून ह्यांचा कामाचा सुती शर्ट बाह्या दुमडून घातला होता. एक धुळीचा कण तरी खाली कोपऱ्यात राहिलाच. घरी येऊन तो कबूल केला, तर हे हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा. चेंडू पंधरा.

१४ मार्च

ह्यांच्या रबरी पट्टीची मूठ माझ्या हाताला मोठी पडते, मनगट सुजलं. शेवटी करवत घेतली आणि मूठ दोन बोटं कापली, घासून गुळगुळीत केली. आता कशी हातात मावते! हौसेने ह्यांना नेऊन दाखवली. डाव्या हातात घेतली, उलटीसुलटी केली, परत दिली.

जेवले नाहीत. मीठ जास्त झालं असणार, दमले की माझा मिठाचा हात सुटतो. चेंडू सहा.

१९ मार्च

डॉक्टरीणबाई ह्यांना बघायला आल्या. आल्या तशा काचेचं कौतुक सुरू. "तुमच्या मिसेसचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे हो!" मी लाजून चूर. हे डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं चक्कर आली. बाई गेल्यावर ताप पाहिला, नव्हता. चेंडू चार. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, असं मागेपुढे होतंच, मनावर घेऊ नका.

लेक म्हणाली, "आई, बाबांच्या शर्टात तू पाठीमागून बाबाच दिसतेस." ह्यांच्यासमोर म्हणाली. सगळे हसलो. सगळे म्हणजे आम्ही दोघी.

२२ मार्च

गाड्यांच्या बाजूच्या काचा जमायला लागल्या. आणि आज टॅक्सीवाले काका आले. ह्यांचं जुनं गिऱ्हाईक. नऊ नव्या टॅक्सी घेतल्यात, सगळ्यांना ऊन अडवणारी फिल्म हवी. माझ्या हातचं काम फिरून फिरून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, बाजूच्या काचा कुणीही करून देईल. मला मागची काच एका तुकड्यात हवी, हे करायचे तशी. पंचवीस एप्रिलला येतो. एक गाडी करून दाखवा. जमली तर नऊच्या नऊ तुमच्याकडे."

पंचवीस एप्रिल! भाऊजींना दिलेल्या मुदतीच्या पाच दिवस आधी. हे जमलं तर दुकान राहिलं, नाही तर टायर. इतकं स्वच्छ आहे. भीतीही वाटतेय आणि आनंदही होतोय, दोन्ही एकदम.

२३ मार्च

विचारलं. "अहो, मागच्या काचेवर फिल्म ठेवायची कशी? रोल काचेवर आडवा सोडायचा, ह्या कडेकडून त्या कडेकडे? की वरून खाली, उभा?"

खूप वेळ बोलले नाहीत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "आडवी."

"आडवी ना? नक्की?"

"आडवी." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. बिचारे दमतात बोलून. मी आणखी छळलं नाही.

२७ मार्च

आमची जुनी गाडी दुकानात आत घेतली. आता तिच्यावरच हात बसवायचा. पहिला तुकडा वाया. चुण्या वरच्या आणि खालच्या कडेला पडतात, गरम हवा मारली की आवळायच्या ऐवजी पांढऱ्या पडून जळतात.

घरी आल्या आल्या ह्यांनी विचारलं, "जमलं?" म्हटलं, नाही. "होतं… असं," म्हणाले. आज पोटभर जेवले, दुसऱ्यांदा मागून घेतलं. तेवढाच जिवाला गारवा. चेंडू अठरा.

३१ मार्च

दुसरा, तिसरा तुकडा वाया. डाव्या हाताच्या दोन बोटांना फोड. ह्यांना म्हटलं, हवा कमी पडते की जास्त? "सवय," म्हणाले. "लागते… सवय." अगदी मायेने म्हणाले. चेंडू एकवीस, पावलं चाळीस. व्यायामवाल्या बाई खूश आहेत.

४ एप्रिल

चौथा गेला. पाचवाही. दुकानात खाली बसून भोकाड पसरलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई! इतकी कशी मी बिनडोक? ह्यांनी अठरा वर्षं हसत खेळत केलं ते मला पाच तुकड्यांत एक चुणी आवळता येऊ नये? अंगात कला असावी लागते, ती माझ्यात नाही, एवढंच. बाटली धरायला बरी मी.

संध्याकाळी भाऊजी डोकावले. "वहिनी, त्रास करून घेऊ नका," म्हणाले. हे त्यांच्याशी बराच वेळ गप्पा मारत होते. शब्द एकही चुकला नाही आज. चेंडू चोवीस.

९ एप्रिल

सहावा, सातवा. रोल संपत आला.

ह्यांनी विचारायच्या आधीच म्हटलं, नाही जमलं. माझा हात हातात घेतला, फोड पाहिले. म्हणाले, "सोड. राहू… दे." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. किती जीव आहे ह्या माणसाचा माझ्यावर! मी म्हटलं, अजून सोळा दिवस आहेत, सोडायला मी काय लेचीपेची आहे? तर हात सोडून दिला. दमले असतील.

१३ एप्रिल

आज रोलवाला आला. फिल्म पुरवणाऱ्या कंपनीचा पोरगेलासा सेल्समन, दर दोन महिन्यांनी येतो. नवा रोल मागितला तर म्हणाला, "काकू, इतक्यात संपला?" मी लाजत लाजत कोपऱ्यातले जळके तुकडे दाखवले. त्याने एक उचलला, पसरला, चुण्यांवरून बोट फिरवलं.

"काकू, तुम्ही आडवी का लावताय?"

"आडवीच लावतात ना?"

"अहो, फिल्म फक्त लांबीत आवळते. रोल ज्या दिशेने सुटतो ना, त्या दिशेने. रुंदीत ती ढिम्म हलत नाही, जळेल पण आवळणार नाही. चुण्या वरखाली पडतात, मग लांबी वरखाली यायला नको? उभी सोडायची. हे तर पहिल्या दिवशी शिकवतात." मग जीभ चावली आणि म्हणाला, "काका कसे आहेत आता?"

बरे आहेत म्हटलं. तो गेला. मी शटर अर्धं ओढलं आणि रोल उभा सोडला. मोठी हवा, छोटी हवा, मधून कडेकडे. चुण्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. तासाभरात अख्खी काच बसली. आठव्या तुकड्यात! काचेत माझं तोंड दिसत होतं आणि त्यावर आनंद नव्हता.

घरी गेले. "जमलं?"

"नाही," म्हटलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, ह्यांच्याशी खोटं बोलण्याची ही पहिलीच वेळ असेल. निदान एवढं मोठं.

१४ एप्रिल

सकाळी व्यायामवाल्या बाईंना जिन्यात गाठलं. "ह्यांचा शब्द उलटा होऊ शकतो का? म्हणजे उभं म्हणायचंय आणि आडवं म्हणाले, असं?" त्या म्हणाल्या, होऊ शकतं की. डावं-उजवं, वर-खाली, असे जोडीचे शब्द पुष्कळांचे उलटे होतात. त्यांना काय म्हणायचंय ते मनात पक्कं असतं, तोंडातून भलतंच येतं.

जीव भांड्यात पडला. तसंच असणार! चमच्याला पेन म्हणतात, तसं उभीला आडवी म्हणाले. मीच मूर्ख, हातात वर्तमानपत्र घेऊन दाखवायला हवं होतं, अशी का तशी. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले.

दुपारी आजचा आकडा टाकायला ही वही उघडली आणि मागची पानं चाळली. चेंडूचे आकडे पाहिले. कोणत्या दिवशी किती, आणि त्या दिवशी मी घरी येऊन काय सांगितलं होतं ते. मग वही मिटून ठेवली. आजचा आकडा टाकलाच नाही.

१६ एप्रिल

शब्द उलटा झाला असेल. शब्दच उलटा झाला असेल.

विचारता येत नाही. शब्द चुकला म्हणाले तरी खरं कशावरून? आणि आजारी माणसाला काय म्हणून विचारायचं, की तुम्ही मला मुद्दाम खड्ड्यात घातलंत का? पण विचारलं नाही तर मी ह्यांच्या तोंडाकडे बघू शकत नाही. आज भरवताना घास ओठांपाशी नेला आणि हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, गरम आहे.

ठरवलंय. दुकानात नेते. शब्द नकोतच. समोर फिल्म आडवी लावते. शब्द उलटा झाला असेल तर डोळे उलटे झालेले नाहीत. चुकीचं होताना दिसलं की ते काठी आपटतील, हातवारे करतील, ओरडतील. हा माणूस दुसऱ्याच्या दुकानात वाकडी लावलेली फिल्म पाहून रस्ता ओलांडून सांगायला जायचा. तो गप्प बसूच शकत नाही.

१८ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी दहाला लेकीने आणि मी ह्यांना दुकानात नेलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा. दारात थांबून सगळीकडे बघत राहिले. गाडीच्या मागे खुर्ची ठेवली, त्यांना बसवलं, काठी हातात दिली. लेकीला अभ्यासाला घरी पाठवलं. माझी बसवलेली फिल्म मी कालच सोलून काढली होती, काच कोरी होती. हे म्हणाले, "पडदा?" म्हटलं, "असू दे उघडाच. आपण दोघंच तर आहोत."

काच धुतली. पाणी मारलं. रोल घेतला आणि ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सोडला. आडवा.

फिल्म लागली की काचेत मागचं सगळं दिसतं. हे मला काचेत दिसत होते. मी गरम हवेची गन सुरू केली. पहिल्या चुणीवर धरली. ते बघत होते. चुणी पांढरी पडायला लागली, जळका वास सुटला. त्यांनी मान खाली घातली.

दुसरी चुणी. मनात म्हणत होते, बोला. शब्द चुकू दे, पेन म्हणा, चमचा म्हणा, काठी आपटा, काहीतरी करा. काचेत त्यांची खाली गेलेली मान आणि काठीवरचा डावा हात. तो हात हलला नाही.

तिसरी चुणी जळली. गन बंद केली.

जळकी फिल्म ओढून काढली, चुरगळून कोपऱ्यात फेकली. पुन्हा काच धुतली. रोल घेऊन गाडीच्या मागे उभी राहिले आणि वरून खाली सोडला. उभा. काचेत बघितलं. त्यांनी मान वर केली होती. तोंडावरचा रंग उतरला होता.

मी काम करत राहिले. फिल्मचा मधला भाग बसवला, मग एकेक चुणी. थोड्या वेळाने, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "व्यायामवाल्या बाई सांगत होत्या, उभं-आडवं असे शब्द उलटे होतात म्हणे कधी कधी. चुकून. आजारात होतं तसं."

निसटायला दार मीच उघडून दिलं त्यांना. हो म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. खरंच सांगते, शेवटपर्यंत ठेवला असता.

"नाही," ते म्हणाले. मग खूप वेळ शब्द शोधत राहिले. "चुकून… नाही. मुद्दाम."

इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून तीन महिन्यांत आला नव्हता.

मग माझा तोल सुटला. गन हातात तशीच, आणि मी ओरडायला लागले. "सात तुकडे जाळले मी! बोटं भाजली. रोज स्वतःला बिनडोक म्हणत अंथरुणाला पाठ टेकली. आणि तुम्ही? तुम्ही विचारत होता, जमलं का, आणि नाही म्हटलं की पोटभर जेवत होता! माझे फोड हातात घेऊन बघत होता! कसं बघवलं तुम्हाला?"

ते रडत होते. झटक्यानंतर त्यांचं तोंड रडताना एकाच बाजूने हलतं. "सगळं… तू," म्हणाले. "काचा. शर्ट. मूठ… कापलीस. तेवढं एकच… माझं. उरलं होतं."

"आणि मी?" म्हटलं. "मी नव्हते उरले?"

मी उलटी फिरले आणि उरलेल्या चुण्यांवर हवा मारायला लागले, काच धूसर दिसत होती तरी.

मग मागून आवाज आला. "डावा… कोपरा. सुटतोय."

इतका राग आला की पट्टी फेकून मारावी. पण डावा कोपरा खरंच सुटत होता. मी तिकडे हवा धरली.

"लांबून," ते म्हणाले. "हलवत."

मी लांबून, हलवत धरली. कोपरा बसला.

२१ एप्रिल

तीन दिवस झाले, कामापुरतंच बोलते. लेकीला वाटतं भांडण झालंय. झालंय तर झालंय. काय झालं ते तिला सांगणार नाही, भाऊजींनाही नाही, कुणालाच नाही.

माफ केलं का? मला माहीत नाही. भाजलेल्या बोटांवर पाणी पडलं की अजून चुरचुरतं आणि त्याबरोबर सगळं पुन्हा वर येतं. पण मूठ कापली त्या दिवसाचंही आठवत राहतं. विचारायला काय झालं होतं मला? अहो, कापू का, एवढंच. हौसेने नेऊन दाखवली मेलीने.

हे रोज दुकानात येतात. आपण होऊन. शिकवतात. आता काही सांगायचं असलं की आधी डाव्या हाताने हवेत करून दाखवतात, मग शब्द बोलतात, म्हणजे शब्दावर माझा भरवसा नसला तरी हात दिसावा. मी आधी हाताकडेच बघते, आणि मी हाताकडे बघते ते त्यांना दिसतं. चालायचंच.

चेंडू आठ. आकडा खाली गेला तरी तो आज त्यांनी स्वतः मोजून मला सांगितला.

२५ एप्रिल

भाऊजींनी गाडीतून ह्यांना आणून सोडलं आणि बघू तर खरं म्हणून तेही थांबले. टॅक्सीवाले काका बरोबर अकराला आले. आमच्या जुन्या गाडीची मागची काच मी सकाळीच करून ठेवली होती. चारदा पुसली होती.

काकांनी चष्मा लावला. काचेवरून नजर फिरवली, मग आत बसून उजेडाकडे तोंड करून पाहिली, मग कोपऱ्यांवरून नखं फिरवली, चारही. बाहेर आले ते थेट ह्यांच्या खुर्चीपाशी गेले आणि ह्यांच्या खांद्यावर थाप मारली.

"वा! ह्याला म्हणतात हात! मला वाटलंच होतं, आजार काय करतो ह्या माणसाचं. बसल्या जागेवरून करून घेतलीत ना? काच बघताक्षणी ओळखलं, ही तुमचीच!"

भाऊजीही हसले. "दादाचं कामच तसं," म्हणाले.

मी खाली बघून पट्टी पुसत होते. मनात म्हटलं, घेऊ देत. त्यांना बरं वाटेल, आणि दुकान राहिलं की झालं, माझं काय अडलंय? खोटं सांगत नाही, लिहायचंच म्हणून लिहीत नाही, खरंच असं वाटलं. पट्टी मात्र कधीच कोरडी झाली होती, तरी मी पुसतच होते.

हे शब्द शोधत होते. काका वाट बघत होते. मग त्यांनी डावा हात उचलला आणि आधी माझ्याकडे दाखवलं, मग म्हणाले, "मी… नाही. हिनं."

"म्हणजे तुम्ही सांगितलंत आणि ताईंनी…"

"नाही." मान हलवली, जोरात. "मी… नव्हतं. सांगितलं. हिनं… एकटीनं."

काकांना ते नीट कळलं नाही, भाऊजींना तर मुळीच नाही. त्यांना वाटलं आजारी माणूस बायकोचं कौतुक करतोय. मला कळलं. मी वर पाहिलं तर हे माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांनी नजर काढून घेतली नाही.

काका चष्मा काढून माझ्याकडे वळले. "मग ताई, तुम्हीच सांगा. नऊ गाड्यांना दिवस किती लागतील?"

अठरा वर्षांत गिऱ्हाइकाने हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. सवयीने मी ह्यांच्याकडे बघितलं. ते काठी सावरत होते.

"बारा दिवस," मी म्हटलं.